‘सगळी नशा सारखीच घातक’: साहेब बोलतात ते कसं ऐकायचं

दरवर्षी २६ जून जवळ आला की ठाण्यात शाळांच्या फेऱ्या निघतात, फलक लागतात आणि कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘नशा कोणतीही असो, सगळ्या सारख्याच घातक.’ जागतिक अमली पदार्थविरोधी दिनाचं हे जवळजवळ ठरलेलं वाक्य आहे. त्यावर वाद होत नाही, टाळ्या पडतात. वाद पेटतो तो कुणी सरकारी माणूस त्याच्या उलट बोलला की. ‘अमुक पदार्थ दारूपेक्षा कमी घातक आहे’ एवढं एखाद्या अधिकाऱ्याच्या तोंडून निघायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी खुलासा येतो, माफी येते, कधी खुर्चीच जाते.

मला मात्र वाद न होणारं ते पहिलं वाक्यच जास्त अडचणीचं वाटतं. समोर बसलेल्या अकरावीतल्या मुलाला यातलं बरंच काही साहेबांच्या आधी दिसलेलं असतं. गांजा ओढणारा कुणीतरी त्याच्या पाहण्यातला असतो. तो माणूस सकाळची लोकल पकडतो, कामावर जातो, रविवारी क्रिकेट खेळतो, हेही त्याला माहीत असतं. मग ‘सगळं सारखंच’ या वाक्याचा तो आपल्या सोयीने अर्थ लावतो: याला गांजाने काही झालं नाही, म्हणजे एमडी नावाच्या रासायनिक नशेनेही मला काही होणार नाही. भीती घालायला गेलेलं वाक्य अभय देऊन मोकळं होतं.

खरी गोम ‘किती घातक?’ या प्रश्नातच आहे. ‘ठाणं किती लांब आहे?’ असं कुणी विचारलं तर आपण आधी विचारतो, कुठून आणि कशाने? मुलुंडहून चालत की कसाऱ्याहून गाडीने? अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र हा उलटप्रश्न कुणी विचारत नाही. घेणाऱ्याचा जीव जाण्याचा धोका ही एक गोष्ट. सवय किती लवकर आणि किती घट्ट लागते, ही दुसरी. घरच्यांना, रस्त्यावरच्यांना, सरकारी दवाखान्याला त्याचा किती ताप होतो, ही तिसरी. आणि कायदा त्यासाठी किती वर्षं आत टाकतो, ही अगदीच वेगळी. अधिकारी बहुतेक वेळा यातल्या एका प्रश्नाचं उत्तर देतो, लोक ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून ऐकतात, आणि भांडण सुरू होतं.

घोडेस्वारीने गेलेली खुर्ची

याचं जगभर गाजलेलं उदाहरण ब्रिटनचं आहे. डेव्हिड नट हे मेंदू आणि औषधं यांचे प्राध्यापक. अमली पदार्थांबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या अधिकृत समितीचे ते अध्यक्ष होते. २००९ च्या जानेवारीत त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात खोचक लेख लिहिला. घोडेस्वारी हे जणू एक नवं व्यसन आहे असं मानून त्यांनी तिचा हिशोब मांडला: साधारण ३५० वेळा घोड्यावर बसलं की एकदा गंभीर इजा होते, आणि एक्स्टसी या नशेच्या गोळीने गंभीर प्रकार घडण्याचं प्रमाण साधारण दहा हजारांत एक आहे. मग समाज एकाला छंद म्हणतो आणि दुसऱ्यासाठी सर्वात कडक वर्गातली शिक्षा ठेवतो, हे कसं? असा त्यांचा सवाल.

तेव्हाच्या गृहमंत्री जॅकी स्मिथ यांनी संसदेत त्यांची कानउघाडणी केली. एक्स्टसीने ज्यांची मुलं गेली त्या घरांचा हा अपमान आहे, असा त्यांचा सूर होता. नट यांना माफी मागावी लागली. त्याच वर्षी एका व्याख्यानात त्यांनी पुन्हा सांगितलं की दारू आणि तंबाखू हे एलएसडी (भास घडवणारा पदार्थ), एक्स्टसी आणि गांजापेक्षा जास्त नुकसान करतात. ऑक्टोबरअखेर ते व्याख्यान छापून आलं आणि नवे गृहमंत्री ॲलन जॉन्सन यांनी त्यांना पदावरून काढलं. पाठोपाठ समितीतल्या काही शास्त्रज्ञांनी राजीनामे दिले.

यात मंत्र्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण त्यांचं म्हणणं सरसकट फालतू नव्हतं. जॉन्सन यांचा मुद्दा असा, की सरकारचा सल्लागार सरकारच्या धोरणाविरुद्ध जाहीर मोहीम चालवू शकत नाही. मग तरुणांनी कुणाचं ऐकायचं? गांजाला सौम्य वर्गातून पुन्हा वरच्या वर्गात टाकायचा निर्णय सरकारने समितीचा सल्ला डावलून नुकताच अमलात आणला होता, आणि नट त्यावर उघडपणे नाराज होते. शास्त्रज्ञ ‘नुकसान किती’ ते सांगत होता. मंत्र्याला चिंता होती ‘संदेश काय जातो’ याची. दोघांचे प्रश्नच वेगळे होते. नट यांची घोड्याची तुलनाही जरा चतुर होती, कारण घोड्यावर बसायची सवय लागून कुणी घरातली भांडी विकत नाही. सवयीचा प्रश्न त्या आकड्यात मावत नाही.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१० मध्ये, नट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. या विषयावरची अनेक विधानं आजही तिच्यावर उभी आहेत, म्हणून ती जरा सावकाश बघू. वीस पदार्थ, सोळा निकष. नऊ निकष घेणाऱ्याच्या नुकसानीचे, सात इतरांच्या. तज्ज्ञांनी बसून प्रत्येकाला गुण दिले, निकषांचं वजन ठरवलं आणि शंभरपैकी आकडा काढला. दारू ७२. हेरॉइन ५५, क्रॅक, म्हणजे ओढायचं कोकेन, ५४. तंबाखू २६, गांजा २०, एक्स्टसी ९, एलएसडी ७.

‘दारू हेरॉइनपेक्षा घातक’ हा मथळा इथून आला. पण तोच तक्ता उलगडला की चित्र बदलतं. दारूच्या ७२ पैकी ४६ गुण इतरांच्या नुकसानीचे आहेत: मारहाण, अपघात, मोडलेले संसार, दवाखान्याचा खर्च. फक्त घेणाऱ्याचं नुकसान मोजलं तर क्रॅक ३७, हेरॉइन ३४, मेथॅम्फेटामिन हे कडक उत्तेजक ३२, आणि दारू २६ वर उतरते. म्हणजे ‘देशाला कशाचा जास्त ताप?’ याचं उत्तर दारू, आणि ‘माझ्या मुलाने यातलं काय केलं तर मी जास्त घाबरावं?’ याचं उत्तर क्रॅक आणि हेरॉइन. दोन्ही उत्तरं एकाच अभ्यासात आहेत. आपल्याला हवं ते उचलून बाकीचं सोडायची सोय त्यामुळे दोन्ही बाजूंना आहे, आणि दोन्ही बाजू ती वापरतात.

आपल्याकडच्या वाचकाने त्या यादीतलं आणखी एक नाव बघावं: मेफेड्रोन, म्हणजे आपल्याकडचं एमडी. त्याला गुण होते १३. गांजाच्याही खाली! हे वाचून कुणी ‘बघा, एमडी काही विशेष नाही’ म्हणालं तर तो शुद्ध गाढवपणा ठरेल. ब्रिटनमध्ये तेव्हा मेफेड्रोन नुकतंच आलं होतं, एप्रिल २०१० पर्यंत त्यावर बंदीही नव्हती. त्याचा दीर्घकाळचा अनुभव कुणाकडे नव्हता. ही मोजपट्टी एका देशात, एका काळात, एवढे लोक घेत असताना एकूण किती हानी होते ते सांगते. एका पुडीत किती विष आहे ते सांगत नाही. कळव्यातल्या एका मुलाच्या छातीत काय होईल, हे तर ती मुळीच सांगत नाही.

उत्तर न देण्याचं कौशल्य

दुसरा प्रकार उलट आहे. जून २०१२, अमेरिकेच्या संसदेची सुनावणी. अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणेच्या प्रमुख मिशेल लिओनहार्ट यांना कोलोरॅडोचे खासदार जॅरेड पोलिस यांनी साधा प्रश्न विचारला: क्रॅक गांजापेक्षा आरोग्याला जास्त वाईट आहे का? उत्तर आलं, सगळे बेकायदा पदार्थ वाईटच. मेथॅम्फेटामिन? तेच. हेरॉइन? पुन्हा तेच. खासदार विचारत राहिले, बाई त्याच ओळीला धरून राहिल्या. ती चित्रफीत पुढे अनेकांनी चेष्टेने फिरवली.

त्यांना उत्तर माहीत नसेल असं वाटत नाही. अडचण कायद्याची होती. अमेरिकेच्या १९७० च्या कायद्यात गांजा आणि हेरॉइन एकाच, सर्वात कडक अशा पहिल्या अनुसूचीत होते, आणि कोकेन त्याखालच्या दुसऱ्या अनुसूचीत, कारण कोकेनचा थोडाफार वैद्यकीय वापर मान्य होता. ‘हेरॉइन जास्त वाईट’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येणार: मग दोघांना एकाच खणात का ठेवलंय? त्यापेक्षा ‘सगळं वाईट’ म्हणणं सुरक्षित. २०१५ मध्ये त्यांच्यानंतर आलेले चक रोझेनबर्ग आधी म्हणाले की हेरॉइन ‘बहुधा’ गांजापेक्षा घातक असेल. त्यावर हसं झालं, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी दुरुस्ती केली: हेरॉइन उघडच जास्त घातक आहे. एवढं सांगितल्याने आभाळ कोसळलं नाही.

भीतीवर चालणाऱ्या शालेय कार्यक्रमांचा अनुभवही अमेरिकेकडे आहे. १९८३ मध्ये लॉस एंजलिसला सुरू झालेला ‘डेअर’ हा कार्यक्रम देशभर गेला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन धडे द्यायचे. २००३ मध्ये अमेरिकी सरकारच्याच लेखापरीक्षण संस्थेने त्यावरचे दीर्घकालीन अभ्यास तपासले. हा कार्यक्रम केलेल्या आणि न केलेल्या मुलांच्या नशेच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नव्हता. आपले कार्यक्रम बहुतेक याच वळणाचे असतात, म्हणून हे सांगितलं.

आपला कायदा काय म्हणतो

आता घरी येऊ. आपला अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, १९८५ चा. पोलीस आयुक्तालयाच्या पत्रकार परिषदेत जे आकडे ऐकू येतात त्यांचं मूळ यात आहे, आणि गंमत म्हणजे व्यासपीठावर ‘सगळं सारखं’ म्हणणारं सरकार कायद्यात तसं मुळीच म्हणत नाही. २००१ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा मालाच्या वजनावर ठरते, आणि वजनाची पायरी प्रत्येक पदार्थाला वेगळी आहे. गांजा एक किलोपर्यंत असला तर ती ‘अल्प मात्रा’. हेरॉइन फक्त पाच ग्रॅमपर्यंत, कोकेन दोन ग्रॅमपर्यंत. वरची पायरी, जिला वकील आणि पोलीस सर्रास ‘कमर्शियल’ म्हणतात, गांजाला वीस किलो, चरसला एक किलो, हेरॉइनला अडीचशे ग्रॅम, एमडीला पन्नास ग्रॅम. अल्प मात्रेला जास्तीत जास्त एक वर्ष, मधल्या पायरीला दहा वर्षांपर्यंत, कमर्शियलला किमान दहा आणि कमाल वीस वर्षं, आणि जामीन जवळजवळ दुर्मीळ.

म्हणजे कायद्याच्या तराजूत एका बाजूला वीस किलो गांजा आणि दुसऱ्या बाजूला पाव किलो हेरॉइन. साहेबांच्या भाषणापेक्षा हा तराजू जास्त बोलका आहे.

तरीही कायद्यातलं वजन म्हणजे विषाचं माप नव्हे. पकडलेल्या पुडीत भेसळ असते, कधी तर भेसळच जास्त असते. २००९ च्या अधिसूचनेपासून मोजायचं ते सगळं मिश्रण, शुद्ध पदार्थ नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात हीच पद्धत उचलून धरली. त्यामुळे ‘कमर्शियल क्वांटिटी जप्त’ या बातमीतून आरोपीला किती वर्षांची शिक्षा होऊ शकते ते कळतं; पुडीत प्रत्यक्ष किती माल होता ते प्रयोगशाळेच्या अहवालातच.

एमडीची कथा तर आणखी शिकवणारी. मुंबई-ठाण्यात ‘म्याव म्याव’ नावाने हा पदार्थ पसरला तेव्हा तो एनडीपीएसच्या यादीतच नव्हता. यादीत आला फेब्रुवारी २०१५ मध्ये, ब्रिटनने बंदी घातल्यावर जवळजवळ पाच वर्षांनी. तोवर पुडी विकणाऱ्याला या कायद्याखाली धरता येत नव्हतं. अधिसूचना निघाली त्याच्या आदल्या रात्री तो पदार्थ जेवढा घातक होता, तेवढाच दुसऱ्या दिवशी सकाळी होता. ‘बेकायदा म्हणून घातक’ आणि ‘कायदेशीर म्हणून चालतं’ हे दोन्ही युक्तिवाद इथेच मोडून पडतात.

एमडीबद्दल अतिशयोक्तीची गरजही नाही. त्याचा अंमल लवकर उतरतो, म्हणून माणूस त्याच रात्री पुन्हा पुन्हा घेतो. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतात, झोप उडते, जेवण तुटतं, संशय वाढत जातो. आणि माल कुणा औषध कंपनीत नव्हे तर चोरट्या कारखान्यात बनतो. असे कारखाने महाराष्ट्रातच सापडले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पकडलेला त्यातला सर्वात गाजलेला. एवढं साध्या शब्दांत सांगितलं तरी मुलं ऐकतात.

गांजाबद्दलही तसंच. तो हेरॉइनसारखा श्वास बंद पाडून जीव घेत नाही, हे खरं. पण कोवळ्या वयात सुरुवात केली, रोज ओढला, तीव्र वाणाचा ओढला, तर भास-भ्रमाच्या गंभीर मानसिक आजाराचा धोका वाढतो, आणि वापरणाऱ्यांपैकी साधारण दहात एकाला त्याची सवय लागते. ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणणारा पुढारी मी अजून ऐकलेला नाही. जुलै २०२२ मध्ये छत्तीसगडचे आमदार कृष्णमूर्ती बांधी यांनी दारूला पर्याय म्हणून भांग-गांजाला प्रोत्साहन द्यावं असं सुचवलं. कारण काय, तर तो घेणारे खून-बलात्कार करताना दिसत नाहीत. इतरांच्या नुकसानीचा मुद्दा त्यांना सापडला होता, घेणाऱ्याच्या नुकसानीचा सुटला. भांग आणि गांजा त्यांनी एका पिशवीत घातले तेही वेगळंच. एनडीपीएसच्या व्याख्येत फुलोऱ्याचा गांजा येतो, नुसती पानं येत नाहीत, म्हणून शिवरात्रीची भांग त्या कायद्याच्या बाहेर राहते.

हा वाद आपल्याकडे जुना आहे. इंग्रजांच्या काळात ‘वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत’ असं अधिकारी ठामपणे सांगत. भांग-गांजाच्या चौकशीसाठी नेमलेल्या १८९३-९४ च्या आयोगाने अकराशेच्या वर साक्षीदार तपासले आणि इस्पितळांच्या नोंदवह्याही उलगडल्या. रोगी आणणाऱ्या पोलिसाने कारणाच्या रकान्यात ‘गांजा’ लिहिला की तोच पुढे उतरवला जाई, असं त्यातून निघालं. तपासल्यावर अनेक नोंदी टिकल्याच नाहीत. माफक वापराने फारसं बिघडत नाही, अतिरेक मात्र बाधतो, असा त्या आयोगाचा निष्कर्ष.

कोटींचा माल आणि दहातले सात

वादग्रस्त विधानांचा आणखी एक प्रकार आकड्यांचा. उरणजवळचं न्हावाशेवा बंदर आपल्या दारातलं, म्हणून तिथलीच उदाहरणं घेऊ. जुलै २०२१ मध्ये तिथे सुमारे २९३ किलो हेरॉइन पकडलं, किंमत सांगितली गेली ८७९ कोटी. जुलै २०२२ मध्ये पनवेलजवळ एका कंटेनरमध्ये साडेबहात्तर किलो, किंमत सुमारे ३६२ कोटी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली पोलिसांनी न्हावाशेव्यात ज्येष्ठमधाला लावलेलं सुमारे ३४५ किलो पकडलं, किंमत १,७२५ कोटी. भागाकार करून बघा. पहिल्या वेळी किलोला तीन कोटी, पुढच्या दोन्ही वेळी पाच कोटी. हेरॉइन एका वर्षात एवढं महागलं असेल असं नाही. प्रत्येक यंत्रणा ‘आंतरराष्ट्रीय बाजारातली किंमत’ आपापल्या अंदाजाने धरते, आणि माल शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचल्यावर जी किंमत येईल ती बंदरावरच लावून टाकते.

ठाणे पोलिसांनी २०१६ मध्ये सोलापूरच्या एका कारखान्यातून साडेअठरा टनांच्या आसपास इफेड्रिन पकडलं, तेव्हा दोन हजार कोटींचा आकडा गाजला. इफेड्रिन औषधातही लागतं. त्यातून मेथॅम्फेटामिन बनवता येतं म्हणून त्यावर नियंत्रण आहे. कारवाई मोठीच होती. पण कोटींचा आकडा आणि मुलांना असलेला धोका यांचा थेट संबंध नाही.

माणसांच्या आकड्यांचंही असंच होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये राहुल गांधी चंदीगडला म्हणाले की पंजाबमधल्या दहापैकी सात तरुणांना अमली पदार्थांची समस्या आहे. त्यावरून वर्षानुवर्षं धुरळा उडाला. २०१५ मध्ये एम्सच्या तज्ज्ञांसह केलेल्या पाहणीने पंजाबात अफूवर्गीय (अफू, हेरॉइन वगैरे) पदार्थांच्या आहारी गेलेल्यांचा अंदाज काढला तो सुमारे २ लाख ३२ हजार. पावणेतीन कोटींच्या राज्यात ही संख्या भयंकर आहे, पण ती दहात सात नाही. ‘कधी चव घेतली’, ‘अधूनमधून घेतो’ आणि ‘त्याशिवाय उठता येत नाही’ या तीन माणसांना एकत्र मोजलं की असे आकडे तयार होतात.

फिलिपिन्समध्ये तर आकडा खरा सांगितला म्हणून नोकरी गेली. अध्यक्ष दुतेर्ते देशात चाळीस लाख व्यसनी असल्याचं सांगत होते. त्यांच्याच सरकारच्या अमली पदार्थ मंडळाचे प्रमुख बेंजामिन रेयेस यांनी पाहणीतला अठरा लाखांचा आकडा सांगितला, आणि मे २०१७ मध्ये दुतेर्ते यांनी त्यांना घरी पाठवलं. तिथे या आकड्याच्या जोरावर माणसं मारली जात होती, त्यामुळे तो निव्वळ हिशोबाचा मुद्दा नव्हता.

आपल्या देशाचा हिशोब एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आहे. दहा ते पंचाहत्तर वयोगटात दारू पिणारे १४.६ टक्के, म्हणजे सुमारे सोळा कोटी. भांग-गांजा-चरस मिळून २.८ टक्के, अफूवर्गीय २.१ टक्के. याच पार्श्वभूमीवर जानेवारी २०२२ आठवा. मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवू द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, संजय राऊत म्हणाले ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’, आणि विरोधकांनी महाराष्ट्राचं ‘मद्यराष्ट्र’ करताय म्हणून रान उठवलं. शेतकऱ्याच्या द्राक्षांचा मुद्दा असू दे बाजूला. यकृताला फक्त अल्कोहोल कळतं. १३ टक्क्यांच्या वाइनचा दीडशे मिलिलिटरचा प्याला म्हणजे जवळपास वीस मिलिलिटर अल्कोहोल. व्हिस्कीचा साठ मिलिलिटरचा मोठा पेग म्हणजे सव्वीसच्या आसपास. पाच टक्क्यांच्या बिअरची मोठी बाटली म्हणजे बत्तीस. फरक आहे, पण ‘नव्हे’ म्हणण्याएवढा नाही. दारू बेकायदा नसल्यामुळे २६ जूनच्या भाषणात ती येतही नाही, हा भाग निराळा.

आणि एका पदार्थावर तर कुणी वादग्रस्त विधानसुद्धा करत नाही. स्टेशनच्या फलाटावर रुमालात ‘सोल्युशन’ किंवा व्हाइटनर घेऊन हुंगणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. एम्सच्या त्याच पाहणीत हुंगायच्या पदार्थांचा हा एकच गट असा निघाला, की मुलांमधलं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त: मुलांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. मदतीची गरज असलेली मुलं सुमारे ४ लाख ६० हजार. यात ना कोटींची जप्ती आहे, ना कुणी बडा आरोपी. म्हणून पत्रकार परिषदही नाही.

पुढच्या वेळी साहेबांना काय विचारावं

सोसायटीत किंवा शाळेत असा कार्यक्रम होईल तेव्हा भाषण संपल्यावर हात वर करून एक विचारावं: आमच्या मुलाच्या खिशात पुडी सापडली तर आम्ही पोलिसांकडे जायचं की डॉक्टरकडे? बऱ्याच पालकांना वाटतं की दवाखान्यात नेलं म्हणजे मुलगा तुरुंगातच गेला. पण एनडीपीएस कायद्यातच कलम ६४अ आहे. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात सापडला आणि स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला त्या गुन्ह्याच्या खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार मात्र पुरे करावे लागतात. विक्रीच्या गुन्ह्याला ही सवलत नाही. सेवनालाही कायद्यात शिक्षा आहेच, हेरॉइन-कोकेनला एक वर्षापर्यंत आणि बाकीच्या बहुतेकांना सहा महिन्यांपर्यंत, त्यामुळे हे कलम माहीत असणं कामाचं. भीतीच्या भाषणात ते येत नाही. ‘सगळं सारखंच’ म्हटल्यावर उपचाराला जागा तरी कुठे उरते?

ठाण्यात यासाठी लांब जावं लागत नाही. प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून इथे आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्थाही इथलीच. फोनच करायचा तर केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेला १९३३ हा नंबर अमली पदार्थ नियंत्रण विभागाचा. विक्रीची खबर द्यायची असेल तर तो लावावा. घरातल्या मुलासाठी फोन करणार असाल तर आधी १४४४६ लावा.